बीटच्या रानातली हजेरी

सांगलीत मी एका छापखान्यात डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, कुणाच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ, असली कामं. नवऱ्याला कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नोकरी लागली, आम्ही विंकलरला आलो आणि ही विद्या आता माळ्यावर टाकायची असं मी धरून चालले. विंकलर म्हणजे कॅनडाच्या मधोमध, अमेरिकेच्या हद्दीजवळचं गाव. सपाट काळी जमीन, रेघ मारल्यासारखे रस्ते आणि चौफेर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली खेडी. घोडागाडी आणि काळे कपडे डोळ्यांसमोर आणू नका. तसं राहणारे आहेत, पण ते ओंटारिओत, जुन्या वळणाचे. इथले मेनोनाइट जीपीएसवर पेरणी करतात.

आमच्या शेजारी जे आजोबा राहतात ते 1936 सालचे. आधी शाळामास्तर, मग जन्मभर शेतकरी. मी मनातल्या मनात त्यांना गुरुजी म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. इथेही तेच म्हणणार. नाव-आडनाव देत नाही, आणि दिलं तरी फारसा उजेड पडणार नाही. फ्रीझन, पेनर, वीबे, डिक, क्लासन, रायमर एवढ्यांत इथली अर्धी टेलिफोन डिरेक्टरी संपते. त्यात पीटर, याकोब, आबराम, योहान ही नावं पिढ्यान् पिढ्या फिरत राहणार. म्हणून गावात ज्याला त्याला टोपणनाव.

गुरुजींना घराण्याचं पुस्तक काढायचं होतं. इथे ही जुनी हौस आहे. बहुतेक घरांत स्पायरल बाइंडिंगचं एखादं जाडजूड पुस्तक असतंच: मूळ पुरुषापासून परवा जन्मलेल्या बाळापर्यंत सगळी वंशावळ, मध्ये फोटो, शेवटी पाककृती. गुरुजींच्या एका चुलत बहिणीने काम सुरू केलं होतं. ती वारली आणि खोकी यांच्याकडे आली. मला कॉम्प्युटरवर पानं लावता येतात हे काकूंना कळलं, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी खोकी घेऊन दारात हजर. पैशाचं बोलणं झालं, मी नको म्हणाले, गुरुजींनी ऐकलं नाही. कामाचे पैसे घ्यायचे, ही इथली रीत आहे.

वंशावळीचं काम वाटलं त्याहून सोपं निघालं, कारण निम्मं आधीच झालेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या मेनोनाइट इतिहास मंडळाचा ‘ग्रँडमा’ नावाचा डेटाबेस आहे. त्यात दहा लाखांहून जास्त माणसं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक. रशियातून निघालेल्या मेनोनाइटांपैकी कुणाचंही नाव द्या, मागे प्रशियापर्यंत पोचता येतं. गुरुजींना स्वतःचा क्रमांक तोंडपाठ होता. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या असतात, एवढं मी त्यांना सांगितलं, तर त्या वह्यांबद्दल त्यांनी मलाच तासभर प्रश्न विचारले.

अडचण आली ती पानं लावताना. चुलत बहिणीने क्रमांकांची पद्धत अशी ठेवली होती: मूळ पुरुष 1, त्याची मुलं 11, 12, 13, मग नातवंडं 111, 112. दहावं अपत्य आलं की ही पद्धत कोलमडते, आणि या घराण्यात दहावं अपत्य येतंच. शेवटी प्रत्येक पिढीनंतर टिंब दिलं. दुसरी गंमत नावांची. एका पानावर एकाच आईबापांची तीन योहान. दोन नोंदी चुकून आल्या असाव्यात म्हणून विचारलं, तर गुरुजी म्हणाले, नाही, पहिला गेला तेव्हा दुसऱ्याला तेच नाव दिलं, दुसराही गेला. तिसरा त्र्याऐंशी वर्षं जगला. बायको गेली की सहा महिन्यांत दुसरं लग्न, दुसरीचीही आधीची पाच मुलं, मग दोघांची मिळून आणखी सहा. असल्या संसाराचा तक्ता ए-फोर कागदावर बसवून बघा म्हणजे कळेल.

इतिहासाचं प्रकरण चुलत बहिणीने चाळीस पानांचं लिहून ठेवलं होतं. ते चार पानांवर आणायला मी गुरुजींना राजी केलं. घराण्याच्या पुस्तकात लोक आपलं नाव शोधतात, धर्मसुधारणा वाचत नाहीत. 1525 मध्ये झुरिचला मोठ्या वयातला बाप्तिस्मा सुरू झाला. 1536 मध्ये मेनो सायमन्स या फ्रिझियातल्या पाद्र्याने कॅथलिक पंथ सोडला, आणि त्याच्यावरून यांचं नाव पडलं. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, म्हणून छळ. मग नेदरलँड्समधून विस्तुला नदीच्या मुखाशी, म्हणजे पुढच्या प्रशियात, दलदल उपसून शेती. मग राणी कॅथरीनच्या आमंत्रणावरून 1789 पासून रशियन साम्राज्यात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. तिथे 1874 मध्ये सैन्यभरती सक्तीची झाली. तेव्हा सात हजारांच्या आसपास माणसं मॅनिटोबात आली. गुरुजींचे पणजोबा त्यांतले. बोली मात्र अजून विस्तुलाकाठचीच. प्लाउटडीच म्हणतात तिला. घरात ती, चर्चमध्ये शुद्ध जर्मन आणि बाजारात इंग्रजी.

खरा ऐवज होता पत्रांच्या खोक्यात. मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातून आलेली पत्रं, 1922 पासून पुढची. सगळी जुन्या जर्मन वळणात लिहिलेली. गुरुजींना जर्मन येतं, पण हे हस्ताक्षर त्यांनाही अडखळत वाचावं लागायचं. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली कागदपत्रं होती आणि घरात कुणालाच ती वाचता यायची नाहीत, त्याची आठवण झाली. या लिपीत ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात. ‘यू’च्या डोक्यावर एक कंस काढतात, तोच काय तो आधार. मी पत्रं स्कॅन करून मोठी करायची, गुरुजी भिंग लावून मोठ्याने वाचायचे, आणि अडलं की विनिपेगच्या मेनोनाइट हेरिटेज अर्काइव्ह्जमध्ये काम करणाऱ्या एका बाईंना पाठवायचं. त्या दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायच्या. शेवटी शेवटी जर्मनचा गंध नसताना मला काही शब्द नुसते आकारावरून कळायला लागले: पाऊस, आजारी, वारला.

पत्रांचा साचा ठरलेला. आधी तब्येत, मग पाऊस, मग पीक, मग रविवारी कोण कुणाकडे आलं आणि मयत कोण झालं. मॅनिटोबासारखा गहू तिथल्या उंच कोरड्या पठारावर येईना, पहिली वर्षं हालाची गेली. मग मेक्सिकन शेजाऱ्यांकडून मका आणि घेवडा शिकले, ओट लावले, पुढे गाई आणि चीज. हे सगळं दोन-दोन ओळींत. रडगाणं कुठेच नाही. पत्त्यातलं गाव मात्र तेच, कारण त्यांनी तिकडच्या खेड्यांना इथल्याच खेड्यांची नावं दिली होती.

ते गेले का, हे पुस्तकात लिहिणं भाग होतं, आणि तिथे गुरुजी टाळाटाळ करायला लागले. “सगळ्यांना माहीत आहे,” म्हणायचे. मी म्हटलं, तुमच्या नातवंडांना माहीत नाही. ते गेले शाळेपायी.

1873 मध्ये कॅनडा सरकारच्या कृषी खात्याचे सचिव जॉन लो यांनी मेनोनाइट प्रतिनिधींना पत्र दिलं होतं. धर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक आणि तीच मोकळीक मुलांच्या शाळांना. त्यानंतर सरकारचा जो अधिकृत हुकूम निघाला त्यात ‘कायद्याने ठरवल्याप्रमाणे’ एवढे शब्द वाढले होते. आणि शिक्षण हा विषय प्रांताचा, त्याबद्दल केंद्राने वचन देण्यात अर्थच नव्हता. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही. गावोगाव त्यांच्या शाळा चालल्या: आधी अंकलिपी, मग प्रश्नोत्तरी, मग नवा करार, मग संपूर्ण बायबल, शिवाय हिशेब आणि सुंदर हस्ताक्षर. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणारा प्रत्येकजण संशयित झाला. 1916 मध्ये मॅनिटोबाने द्विभाषिक शाळा बंद केल्या आणि हजेरी सक्तीची केली. ज्यांनी मुलं सरकारी इंग्रजी शाळेत घातली नाहीत त्यांना दंड, काहींना तुरुंग. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं, तिथे अपील ऐकूनच घेतलं नाही. मग 1 मार्च 1922 ला प्लम कुली स्टेशनावरून मेक्सिकोची पहिली गाडी सुटली. गुरंढोरं, नांगर, फर्निचर, माणसं, सगळं त्याच गाडीत. पुढच्या चार-पाच वर्षांत हजारो गेले.

गुरुजींच्या आजोबांचे तीन भाऊ त्यांत होते. आजोबाही जाणार होते. त्यांच्या दंडाच्या पावत्या खोक्यात आहेत, सुतळीने बांधलेल्या. पण युद्धानंतर धान्याचे भाव कोसळले तसे जमिनीचेही कोसळले. त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळेना आणि ते राहिले. श्रद्धा कमी होती म्हणून राहिले असं तिकडच्यांनी बरीच वर्षं धरलं. पावत्या पाहिल्यावर मला तरी तसं वाटत नाही.

आणि त्याच आजोबांचा नातू 1955 मध्ये त्याच सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर झाला. मास्तरांचा तुटवडा होता, बारावी झालेल्या पोरांना उन्हाळी वर्ग करून परवान्यावर नेमायचे. एक खोली, आठ इयत्ता, एक शेगडी. सकाळी राणीचं गाणं, दिवसभर इंग्रजी, मैदानात प्लाउटडीच बोलायची नाही. शेवटच्या अर्ध्या तासात धर्मशिक्षण चालायचं, त्यात थोडं जर्मन. आजोबा तेव्हा हयात होते. ते काय म्हणाले, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “पगार किती, एवढंच विचारलं.”

काकूंकडची गोष्ट वेगळी. त्यांचे आईवडील रशियातून 1924 मध्ये आले, म्हणजे क्रांती, माखनो या युक्रेनी बंडखोराच्या टोळ्या, टायफस आणि 1921-22 चा दुष्काळ सगळं बघून. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने प्रवासखर्च उधारीवर दिला होता. ते कर्ज सगळ्या समाजाने मिळून फेडलं, शेवटचा हप्ता 1946 मध्ये गेला. नंतर आलेले हे लोक शिकलेले, पियानो वाजवणारे. आधीच्यांना ते आगाऊ वाटायचे आणि त्यांना आधीचे अडाणी. आमच्याकडे घाटावरचे आणि कोकणातले एकमेकांना जे म्हणतात तसलंच सगळं. लग्नाला दोन्हीकडून कुरकुर झाली. काकू अजून टोमणे मारतात. रविवारी दुपारी फास्पा असतो: दुमजली पाव, जॅम, चीज, कॉफी. तेव्हा सासरच्यांना म्हणे वरचा मजला नीट बसवतासुद्धा यायचा नाही. हाच पाव भट्टीत कडक भाजून, उशीच्या अभ्र्यात भरून त्यांच्या आईने प्रवासात आणला होता. काकूंच्या वडिलांच्या वडिलांचं 1919 मध्ये काय झालं, ते त्यांनी मला सांगितलं आणि पुस्तकात फक्त तारीख घालायला लावली. मी तारीखच घातली.

भारत त्यांना लहानपणापासून माहीत होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत चांपाच्या कुष्ठरोग रुग्णालयासाठी सेंट गोळा करायचे. चांपा, धमतरी ही नावं मी त्यांच्या तोंडून आधी ऐकली आणि मग नकाशात शोधली. छत्तीसगडात आहेत, मेनोनाइट मिशनरी 1899 मध्ये धमतरीला आले तेव्हा ते मध्य प्रांतात होतं, राजधानी नागपूर. सांगलीची म्हणून मला नागपूरही लांबचंच, पण काकूंच्या लेखी मी चांपाची शेजारीण ठरले.

वाटणीच्या कागदांपाशी मी जरा जास्त रेंगाळले. ‘वायझनआम्ट’ म्हणून यांची चर्चची संस्था असायची. नवरा किंवा बायको वारली की निम्मी इस्टेट मागे राहिलेल्याची आणि निम्मी मुलांची, मुलगा-मुलगी सारखी. अज्ञान मुलांचा वाटा संस्था सांभाळायची, व्याजासकट. 1890 च्या एका कागदावर गुरुजींच्या पणजीचा वाटा डॉलर आणि सेंटमध्ये लिहिलेला आहे, भावाइतकाच. प्रत्यक्षात जमीन बहुतेकदा भाऊच राखायचे आणि बहिणीला पैसे द्यायचे, हेही त्याच कागदात दिसतं. तरी द्यायचे. आमच्याकडे 1994 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, 2005 मध्ये देशाने, आणि माझ्या आईने हक्कसोडपत्रावर सही केली ती त्यानंतर.

मला जे सांगायचं आहे ते पान इथून पुढे येतं. शेतीच्या प्रकरणात गुरुजींच्या हिशेबवह्यांची काही पानं जशीच्या तशी छापायची होती. 1940 मध्ये विनिपेगजवळ साखर कारखाना निघाला आणि इकडे साखरेचं बीट आलं. 1997 मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत ते चाललं. कारखान्याशी करार, त्याचंच बियाणं, तोडणीचं वेळापत्रक. उसाच्या मुलखातून आल्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. बीटला जूनमध्ये विरळणी लागते, खुरप्यासारख्या लांब दांड्याच्या अवजाराने एकेक रोप मोजून ठेवायचं. त्याला माणसं लागतात. साठच्या दशकात ही माणसं मेक्सिकोतून यायला लागली, आणि ती परकी नव्हती. 1922 मध्ये गेलेल्यांचीच नातवंडं, तिकडे जमीन पुरेना म्हणून मजुरीला. गुरुजींच्या वडिलांच्या रानात आजोबांच्या भावाचा नातू, त्याची बायको आणि शाळेच्या वयाची चार मुलं.

शाळेच्या प्रकरणात मला हजेरीपुस्तकाचं एक पान हवं होतं. सरकारी प्रत वर जायची, ही त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली. एका वर्षीच्या जूनचं पान स्वच्छ होतं म्हणून ते निवडलं. मग वाटलं, त्याच महिन्याचं हिशेबवहीचं पान समोर घ्यावं. डाव्या हाताला शाळा, उजव्या हाताला शेत, दिसायला बरं. दोन्ही पानं स्क्रीनवर शेजारी लावली आणि तारखा जुळवायला घेतल्या. उजवीकडे लिहिलं होतं, अमुक तारखेला या कुटुंबाने, मुलांसह, एवढे एकर विरळले. डावीकडे त्याच तारखेला चारही मुलं हजर.

सगळ्या महिन्यात तसंच.

गुरुजींना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले की गैरहजर मांडली असती तर पंधरवड्यात हजेरी अधिकारी गाडी घेऊन बांधावर आला असता. बापाला दुसऱ्या दिवशी मेक्सिकोची वाट धरायला तेवढं पुरलं असतं, घराण्याला सवयच होती. “आणि पावसाच्या दिवशी रानात चिखल. तेव्हा येत होती की शाळेत. त्या जूनमध्ये पाऊस चांगला झाला.” सगळ्यांत थोरली त्या पावसावर इंग्रजी वाचायला शिकली, असं त्यांचं म्हणणं. शिवाय रान वडिलांचं, विरळणी झाली नसती तर पीक गेलं असतं, हेही त्यांनी लपवलं नाही. नुसता चांगुलपणा असता तर मला इतकं पटलं नसतं.

छापायचं की नाही यावर घरात रण पेटलं. थोरली मुलगी स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेली. ती म्हणाली, ही खोटी हजेरी आहे, बाबांच्या नावाला बट्टा. धाकट्याला त्यात काहीच वाटलं नाही. काकूंनी दंडाच्या पावत्या आणून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, या छापणार असाल तर तेही छापा. शेवटी गुरुजींनी ठरवलं: दोन्ही पानं समोरासमोर, खाली ओळ नाही, मथळा नाही. ज्याला तारखा वाचायच्या तो वाचेल. मुलांची पहिली नावं मी पुसट केली, तेवढं मुलीला मान्य झालं.

पुढचं काम झटपट उरकलं. शाळा साठच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, मोठ्या शाळेत बदली नको म्हणून त्यांनी पूर्ण वेळ शेती धरली, म्हातारपणी लिलाव करून यंत्रं विकली. ही प्रकरणं त्यांनी एका बैठकीत सांगितली. मोठा भाऊ दुसऱ्या महायुद्धात बंदूक नाकारून रायडिंग माउंटनच्या छावणीत रोजी पन्नास सेंटवर लाकूड तोडत होता, त्याचे फोटो सुंदर होते म्हणून त्याला दोन पानं जास्त मिळाली. काकूंच्या पाककृतींत मात्र वादावादी झाली. पनीर भरलेल्या करंजीसारख्या व्हेरेनिकीत किती क्रीम, यावर तीन नणंदांच्या तीन आवृत्त्या आल्या, तिन्ही छापल्या.

पुस्तक निघालं ते कुटुंबाच्या मेळाव्याला. चर्चच्या तळघरात लांब टेबलं, ओंटारिओ, सस्कॅचेवान, मेक्सिकोहून माणसं. जेवणाआधी चार आवाजांत प्रार्थनागीत झालं, पुस्तकाशिवाय, वाद्याशिवाय. गौरवग्रंथांच्या प्रकाशनाची मला सवय होती, भाषणाची वाट पाहत बसले, पण भाषण झालंच नाही. पुस्तकं टेबलावर ठेवली आणि जो तो आपलं पान शोधायला लागला. बोलिव्हियातल्या एका शाखेची अख्खी भावंडं राहिली होती, ती नावं मी तिथेच कागदावर उतरवून घेतली.

त्या चारांतला एक ओंटारिओहून आला होता. आता साठीच्या पुढचा, ट्रक चालवून निवृत्त. समोरासमोरच्या पानांपाशी थांबला, बोट ठेवून तारखा वाचत गेला. तो काय म्हणतो म्हणून मी बघत होते. हजेरीबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. उजव्या पानावर बोट आपटून म्हणाला, हा दर चुकीचा आहे. त्या वर्षी वडिलांनी अर्ध्यातच काम थांबवलं होतं आणि एकराला जास्त घेतले होते.

गुरुजींनी नाकारलं नाही. वाढवलेला दर दुसऱ्या वहीत आहे म्हणाले. आता बोलिव्हियाच्या नावांबरोबर पुरवणीत तेही घालायचं आहे, म्हणून आम्ही ती वही शोधतो आहोत. काकूंच्या मते ती लिलावात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सबरोबर गेली, आणि ट्रॅक्टर कुणी घेतला ते गुरुजींना आठवतं, पण तिथेही आडनाव पेनर आणि पहिलं नाव पीटर.